शेळीचा तास

ऋतुजाबाईंनी डब्याला सकाळपासून हात लावला नव्हता. केंद्रप्रमुख साहेब येणार म्हणून नव्हे. साहेब दरवर्षी येतात, चहा पितात, जातात. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो तिसरीतल्या गुरम्माच्या आवाजापायी.

अक्कलकोटच्या बाजूच्या त्या गावात घरोघरी कानडी आणि शाळा तेवढी मराठी. वाचनाचं नाव काढलं की तिसरीच्या पोरांना जांभया यायच्या. शेवटी बाईंनी आपल्या भावाच्या, अभिमन्यूच्या, मागे लागून एक व्हिडिओ गेम बनवून घेतला. वर्गातल्या टीव्हीवर शेळी यायची, खाली वाक्य उमटायचं. ते वाचून बरोबर बटण दाबलं की शेळी चालायची. चुकलं की लांडगा हजर. या शेळीपायी गुरम्मा शाळेत यायला लागली. एरवी ती खऱ्या शेळ्यांमागे रानात असायची आणि बाई बोलवायला आल्या की ज्वारीत लपायची.

मुख्याध्यापक मल्लिनाथ सरांना मात्र हा खेळ डोळ्यांत खुपत होता. "साहेबांसमोर पोरं वाचली तर ठेवा. नाहीतर टीव्ही बंद," असं त्यांनी बजावलं होतं. टीव्ही बंद म्हणजे गुरम्मा परत रानात, हे बाईंना सांगायला कुणी नको होतं.

वर्गाची रीत जुनीच. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी सुरात म्हणायचं. त्यात गुरम्माचा आवाज सगळ्यात खणखणीत, आणि बाई त्यावर खूश. काल मात्र त्यांच्या लक्षात आलं, की तो आवाज नेहमी इतरांच्या किंचित मागून येतो. पोरीचे डोळे वाक्यावर नसतातच, शेळीवर असतात. सुटी अक्षरं तिला येत होती, पण ती जोडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तेव्हापासून बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता.

साहेब आले. पोरांनी छप्पर हलेल असं म्हटलं, "शेळीला विहिरीकडे ने!"

"ती मोठ्या आवाजाची मुलगी. तू एकटी वाच बरं," साहेब म्हणाले.

गुरम्माला हे वाक्य तोंडपाठ होतं. तिने ते ठणकावून म्हटलं, बटण दाबलं, शेळी विहिरीवर गेली. साहेब खूश, मल्लिनाथ सरही हसले. आता गप्प बसायला काय झालं होतं? पण पाठ म्हटलेलं वाचन म्हणून खपवणं बाईंना कुठलं जमायला!

"साहेब, एक नवं वाक्य देते," त्या म्हणाल्या आणि पोरांना तोंडावर बोट ठेवायला लावलं.

टीव्हीवर उमटलं: लांडगा आला, शेळीला घरात घे. गुरम्माने मागे वळून पाहिलं. कुणी बोलेना. मग तिने बाईंकडे पाहिलं आणि ती नजर बाईंना सोसेना. तेवढ्यात लांडग्याने शेळी उचलली.

"अय्यो!" वर्ग ओरडला.

"काही दिवस पुस्तकावर भर द्या," साहेब सौम्यपणे म्हणाले आणि चहाला गेले. पोरं जेवायला पांगली. खुर्चीवर बसलेल्या बाईंना रडू आवरेना. पोरीला आपण आपल्या हाताने घालवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

गुरम्मा मात्र टीव्हीपुढेच उभी होती. वाक्य अजून तसंच होतं. तिने काचेवर बोट टेकवलं.

"लां... ड... गा. लांडगा. आ... ला." ती गर्रकन वळली. "बाई! लांडगा येनार ते हितं लिवल्यालं हुतं व्हय?"

"हो गं."

"रोज असंच काय करायचं ते लिवल्यालं असतंय?"

"रोज."

"मंग आदी का न्हाय सांगितलं?" पोर चिडली होती.

एवढ्यात मल्लिनाथ सर आले. त्यांनी वायर काढली आणि टीव्ही उचलून ऑफिसात नेला. गुरम्मा रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. मग तिने दप्तर खांद्याला लावलं.

बाई ताडकन उठल्या. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर घाईघाईने एक शेळी काढली.

"कुत्र्यागत दिसतीया की," दारातून गुरम्मा म्हणाली.

बाईंनी खाली एक ओळ लिहिली आणि त्या बाजूला झाल्या. गुरम्मा फळ्यापाशी आली. तिला लई वेळ लागला. पुढे म्हणणारं कुणी नव्हतं, मागेही नव्हतं.

"शे... ळी. उ... द्या. प... र... त. ये... ई... ल."

तिने ओठ न हलवता ते सगळं पुन्हा एकदा वाचलं.

"मंग मी बी येते," ती म्हणाली.