मोडक्या मडगार्डची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे, आणि जुनी झाले तरी नटण्याची हौस काही गेलेली नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा माझी लाल टाकी अशी लखलखत होती, की दुकानात येणारा प्रत्येक जण तिच्यात बघून भांग पाडायचा.

मला विकत घेतलं एका नर्सबाईंनी. घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासायचं, हे त्यांचं काम. त्यांचे धाकटे दीर गॅरेज चालवायचे. ते त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून माझ्याही त्या वहिनीच. ऊन असो की चिखल, वहिनी निघाल्या की मी निघाले. "हिच्या जिवावर माझी नोकरी आहे," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि मी आपली फुगायचे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय त्यांनी मला कधी किल्ली लावली नाही. शेजारणी हसायच्या, "कोपऱ्यावर तर जायचंय!" वहिनी म्हणायच्या, "पडायला कोपराही पुरतो गं."

एका दुपारी आम्ही वळायला म्हणून थांबलो होतो, इंडिकेटर लावून, अगदी शहाण्यासारख्या. मागून एक निळी मोटार आली ती थेट माझ्या अंगावरच. हेल्मेट चिरलं, पण वहिनींचं डोकं वाचलं. पाय मात्र मोडला, आणि ती सगळी दुपार त्यांच्या आठवणीतून पुसून गेली.

मोटारवाल्यानं पोलिसांना सांगितलं, "बाई गल्लीतून भरधाव आल्या आणि माझ्या गाडीवर आदळल्या." दुसऱ्या कुणी काही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, पण मला विचारतंय कोण! लोकांच्या जिभेला काय हाड असतं? "एवढ्या घाईत हिंडणाऱ्या बाईच्या हाती आपली सून कशी द्यायची?" असंही कुणीतरी बोललं. हॉस्पिटलात वहिनी दिरांना सारखं एकच विचारायच्या, "भावजी, माझंच चुकलं असेल का हो?" गॅरेजात परतले की भावजी तेच माझ्याजवळ बसून पुटपुटायचे. मला फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस मोटारवाला गॅरेजात आला, तोंडात साखर घोळवत. "झालं ते झालं. गाडी नवी करून घ्या, खर्च माझा. उगाच कोर्टकचेऱ्या कशाला?" भावजी भोळे. मेकॅनिक माणसाला मोडकं दिसलं की हात शिवशिवतात. "वहिनी घरी येईपर्यंत हिला नवरीसारखी करतो," म्हणाले. मी तर हरखूनच गेले! त्यांनी हातोडी उचलली.

"अहो, थांबा! हात लावाल तर बघा!"

दारात एक वकीलबाई धापा टाकत उभ्या. त्यांचं बाळंतपण वहिनींनीच पाहिलं होतं. वहिनींना भेटून त्या तडक इथे आल्या होत्या.

"दुरुस्तच करतोय ना? मोडत तर नाही!" भावजी चिडले.

"वहिनींची बाजू मोडताय! हिचं पुढचं बघा, मग मागचं बघा."

भावजी वाकले. माझं पुढचं चाक धडधाकट, दिव्यावर ओरखडासुद्धा नाही. मागचं मडगार्ड मात्र चुरगळलेलं, आणि त्याला निळा रंग चिकटलेला. भावजींनी कपाळावर हात मारून घेतला. "आदळली असती तर हिचं तोंड फुटलं असतं! आणि मी गाढव पुरावाच ठोकून सरळ करत होतो!"

"तडजोड करायची की दावा लावायचा, ते वहिनी ठरवतील," वकीलबाई म्हणाल्या. "पण तोवर हिला हात नको. आधी फोटो काढू."

वहिनींनी दावा लावला. मला ताडपत्रीखाली ढकललं. खरं सांगू? वकीलबाईंचा मला भयंकर राग आला होता. महिने गेले, गंज चढला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. येणारे-जाणारे म्हणायचे, "हे भंगार का ठेवलंय?" मी मनात म्हणायचे, तुमच्या तोंडी कोण लागणार! तपासणीला आलेल्या गृहस्थांनी मात्र मला मोजलं, मागून-पुढून पाहिलं, आणि कोर्टात सगळं सांगितलं.

निकाल लागला त्या दिवशी वहिनी काठी टेकत आल्या. भरपाई मंजूर झाली होती, पण त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. भावजींनी ताडपत्री काढली. चुरगळलेल्या मडगार्डवर हात ठेवून वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी थांबले होते. मी नीट थांबले होते हो!" आणि घळाघळा रडल्या.

माझं इंजिन आता सुरू होत नाही. त्याचं मला दुःख आहे, नाही कशाला म्हणू? पण मित्रांनो, एवढं ऐका. हेल्मेट घाला, पट्टा लावा. आणि अपघात झालाच, तर आधी माणसाला दवाखान्यात न्या, मग आम्हाला आहोत तसं राहू द्या. पडलेल्या माणसाला कुणी "तुझीच चूक" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. त्या बिचाऱ्याला कधीकधी काही आठवतही नसतं हो. आधी आमच्या जखमा बघा.