न दुखणारी टाच

"अहो, हे रक्त कुणाचं?"

दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटले होते. शाळेची बस चालवून आलेल्या ड्रायव्हरने तोंडातला घास तसाच ठेवून खाली पाहिलं. बुटाच्या तळातून वर आलेल्या खिळ्याने त्याची उजवी टाच फोडली होती. दिवसभर त्याला पत्ताच नव्हता.

"दुखत नाही ना, मग झालं तर," म्हणत त्याने आणखी भात वाढून घेतला.

दुखत नव्हतं, याचीच बायकोला धडकी भरली. रक्तात साखर निघाल्यापासून ती घरातलं गोड लपवायची आणि तो हुडकून काढायचा. पकडला गेला की चिडायचा नाही, मान खाली घालायचा. एकदाच बोलला होता, "बाप हात उगारायचा ना, तेव्हा आई माझ्या तोंडात साखर कोंबायची. 'रडू नको, चघळ.' अजून छातीत धस्स झालं की हात आपोआप तोंडाकडे जातो गं."

आता धस्स व्हायचं ते या आजाराच्याच नावाने. भीती वाटली की तो खायचा, आणि खाल्लं की आणखी भ्यायचा.

दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढूनच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जखम बांधली. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. पायाला टोचलं की 'हो' म्हणा."

"हो."

"आता?"

"हो. चांगलं कळतंय की!"

बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. सुई ट्रेमध्ये पडलेली. बायकोने तोंडावर पदर दाबला.

त्याने डोळे उघडले. दोघींचे चेहरे पाहिले. "नापास वाटतं?" तो हसला. कुणीच हसलं नाही.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "काल वळणावर ब्रेक उशिरा लागला. पोरं खिदळली. त्यांना गंमत वाटली. मी मेकॅनिकला शिव्या घातल्या." त्याने उजवा पाय फरशीवर दाबून पाहिला. "ब्रेक नव्हता बिघडला."

खिशातल्या बसच्या किल्ल्या काढून त्याने बायकोच्या हातात ठेवल्या.

"तूच शाळेत देऊन ये. मी गेलो, तर पोरं येऊन बसतील बसमध्ये. मग माझ्याने नाही म्हणवणार नाही."

तिने वाकून त्याच्या पायात मोजा चढवला. चढला का, हे त्याला खाली बघूनच ठरवावं लागलं.