समोरून येणारी कोळंबी

मी एक जुनी कोळंबी आहे, मित्रांनो. पण मला ना वास, ना चव. मी राहते व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये. पाण्याचा टप्पा आला की लाल मिशा हलवत निघते आणि खेळणारा चालवतो त्या पाणबुड्याच्या अंगावर धावून जाते. मला घडवणाऱ्याने एवढंच शिकवलं. थांबणं शिकवलंच नाही.

माझी पहिली वर्षं खांब गावात नितेशच्या घरी गेली. तिथे कौतुकही झालं. "लय डेंजर हाय ही!" म्हणत पोरं टीव्हीभोवती गोळा व्हायची. पण हरला की नितेश कॅसेट उपसून जमिनीवर आपटायचा. तिच्या एका कोपऱ्याला तडा गेला होता. आणखी एकदा आपटली, की माझा कायमचा अंधार.

मग १९९६च्या मे महिन्यात तो कासूला आत्याकडे आला, मला घेऊन. आत्याची लेक भाविका मला कोरड्या फडक्याने पुसायची, मऊ धडप्यात गुंडाळायची. तो निघायच्या दिवशी तिने कॅसेट मागितली.

"पाण्याचा टप्पा पार कर, मग ठेव," नितेश म्हणाला. "नायतर रोह्याच्या गाडीने ही माझ्यासंगती."

खेळात तीन जीव. मी मनात म्हणत होते, जिंक गो पोरी! आणि तिच्यावरच धावत होते. पहिला जीव मी घेतला. दुसराही मीच. दोन्ही वेळा ती सरळ माझ्या तोंडाशी आली होती.

नितेशने पिशवी उघडून ठेवली.

तिची आई इंदुबाई मिठागरावरून नुकत्याच आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "तोंडासमोर कशाला जातेस गो?"

"आये, कोलबी मागं उडते ना! आपण पुढनं डिवचतो नि मागं ओंजळ धरतो, तशी धरायची."

तेव्हा मला उमगलं. खाडीतल्या माझ्या बहिणी घाबरल्या की शेपूट मारून मागे उडतात. माझं चित्र काढणाऱ्याने खाडी पाहिलीच नसावी.

नितेश खो खो हसला. "अगो येडे, ही काय तुझ्या खाडीतली हाय? टीव्हीतली हाय ती! हिला मागं जाताच येत नाय!"

भाविकाचा अंगठा बटणावर थबकला.

शेवटचा जीव. मी सुटले. पाणबुड्या पुन्हा समोरच! अंतर सरत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. माझी मिशी त्याला लागणार, तोच तो उसळला, डोक्यावरून पलीकडे गेला आणि धप्पकन माझ्या शेपटीवर उतरला.

मी मेले आणि पाण्याचा टप्पा पार झाला. इतकं गोड मरण मला कधी आलं नव्हतं.

"तूच तर सांगितलंस रे दादा," भाविका म्हणाली.

नितेशने तोंड पाडून रिकामी पिशवी उचलली. "ठेव तुझी कोलबी. पन सुट्टीत आलो की मला खेळायला दे."

मित्रांनो, मी तुमच्या अंगावर येणारच. मला दुसरं काही येत नाही. हरलात तर रागावा, पण आपटू नका. कोरड्या फडक्याने पुसा, अलगद बसवा, आणि पुन्हा या.