रॉकेलच्या रांगेतली गाठ

प्रियदर्शनीचं विमान उद्याचं, आणि हेमावतीचा गॅस आज संपला. एजन्सीवाला फोनवर म्हणाला, "आखातात जहाजं अडलीत, आज्जी." जणू जहाज नवी पेठेतल्या गर्दीत अडकलं होतं.

सगळी शुक्रवार पेठ हेमावतीकडनं कडक भाकरी न्यायची. पण आजची भाकरी विकायची नव्हती, धनक्काला दिलेल्या शब्दाची होती. "माझी नात परदेशी निघाली की शिदोरी तुझ्या हातची," एवढंच सांगून धनक्का गेल्या वर्षी गेली.

त्या दोघींची गाठ रॉकेलच्या रांगेत पडली. तेव्हाही आखातात युद्धच पेटलं होतं. नवी नवरी हेमावती रडवेली उभी. घरी सासूचा धाक. पुढच्या पद्मशाली विणकर बाईनं, म्हणजे धनक्कानं, तिचा डबा ओढला आणि मागावरच्या उरल्या सुतानं आपल्या डब्याला बांधून टाकला. "जा, स्वैपाक उरकून ये. माझा सरकला की तुझा येतोच मागनं." हेमावती परतली ती पदरात भाकरी घेऊनच.

"आज्जी, गच्चीवर सोलर आहे की, इंडक्शनवर भाज," धनक्काची नात प्रियदर्शनी म्हणाली.

"तुझ्या त्या इंडक्शनवर माझा खोलगट तवा डुलतोय गं, बैलावानी."

पोरगी हसली आणि घरून धनक्काची जुनी कॉइलची शेगडी घेऊन आली. भर दुपारचं सोलापूरचं ऊन. कॉइल लालबुंद झाली.

"हे सोलरचे पत्रे तरी आपले हायत का?" हेमावतीनं विचारलं.

"चीनचे. म्हणून तर कंपनीसाठी बॅटरीचं लिथियम तरी अर्जेंटिनातनं आणायला चाललेय, तिथल्या मिठाच्या रानातनं. एकाच्याच दारात उभं राहिलं की तो कधीही दार लावतो."

"म्हंजे रॉकेलची रांग गेली, मिठाची आली!"

"व्हय. पण बसवलेल्या पत्र्यावर ऊन यायला जहाज लागत नाही, आज्जी."

हेमावतीला ते पटलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. जाळाविना भाकरी फुगेना, तेव्हा तिनं फडक्यानं दाबून दाबून भाजली आणि पत्र्यांच्या शेजारी उन्हात पसरली. संध्याकाळी एक उचलून टिचकी मारली. खणखणीत वाजली! थोडी वाकडी झाली होती. धनक्का असती तर म्हणाली असती, "पापड लाटलास व्हय गं?" हेमावतीनं डोळे पुसले, भाकरीचं पीठ लागलेल्या हातानंच.

मग तिनं दोन गठ्ठे केले आणि जपून ठेवलेल्या धनक्काच्या जुन्या सुतानं एकमेकांना बांधले.

"दोन कशाला?"

"एक तुझा. दुसरा ज्यांच्या रानातलं मीठ मागायला चाललीस, त्यांचा."

"अगं, कंपनीची बोलणी आहेत ती. मोठमोठे साहेब असतात."

"असू देत की. साहेबांना भूक लागत न्हाय? गाठ त्यांच्यासमोर सोड. आणि मागायच्या आधी दे."

प्रियदर्शनीनं बॅगेतनं दोन जाडजूड फायली काढल्या आणि गठ्ठ्यांना जागा केली.