निवायच्या आधी

खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही, तर मग कधी लावायचं? तुर्भ्याच्या कारखान्यात सकाळपासून नुसती धांदल. मशिनं धुतली, हार चढले. राहिला फक्त मानसिंगचा ओव्हन.

ओव्हनमध्ये हवेच्या फिल्टरला लागणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या वाट्या होत्या. साच्यातून निघाल्यावर प्लॅस्टिकच्या अंगात ताण राहतो. म्हणून वाट्या तासन्‌तास तापवायच्या आणि दार न उघडता हळूहळू निवू द्यायच्या. तेव्हा कुठे त्या हवेचा दाब सोसतात. बारा वर्षं मानसिंग हेच करत आला होता. पण भटजी खोळंबले, शेठ कुरकुरायला लागले, आणि तापल्या ओव्हनची पूजा करणार कशी? मानसिंगनं दार सताड उघडलं, समोर पंखा लावला. देवाचंच काम, एवढ्यानं काय होतंय! काय होतंय म्हणे! अक्कल गहाण टाकली होती गड्यानं.

दसरा झाला, माल तळोज्याच्या एका कारखान्यात गेला आणि मग याचं डोकं ताळ्यावर आलं. त्याच कारखान्यात त्याचा धाकटा भाऊ नामा फिटर होता. मानसिंगनं मागे उरलेल्या वाट्यांपैकी एक तपासणीच्या द्रावणात बुडवली. नीट निवलेली वाटी त्यात जशीच्या तशी राहते. हिला मिनिटभरात बारीक चिरा गेल्या.

तो धावतच शेठकडे गेला. शेठनं दुसरी वाटी टेबलावर आपटली.

"बघ, टणटणीत आहे! उगाच टेन्शन देऊ नकोस."

"शेठ, वरनं नाय कळत. दाबाखाली फुटंल. मानसं हायेत तिथं."

"चूक तुझी, आणि पार्टी माझी तोडतोस? जा, कामाला लाग."

मानसिंग तसाच नाक्यावरच्या पीसीओत गेला. घाईत नंबर दोनदा चुकला. अखेर पलीकडे नामाचा आवाज आला, मागे मशिनांचा दणदणाट.

"नामा, त्या वाट्या लावू नगंस! कच्च्या हायेत!"

"काय? ऐकू येत नाय दादा! वाट्या? लावल्या की! आता हवा सोडायचीय. बाकीचे घाबरून लांब उभे राहिलेत. मी म्हनलं, माझ्या दादाच्या हातच्या हायेत, मी थांबतो जवळ!"

"नामा, लांब हो! आरं ऐक—"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मानसिंगनं पुन्हा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली, कुणीच उचलेना.