समुद्र नसलेलं कार्ड

बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावातल्या जयदेवच्या घरातलं विमान पुन्हा एकदा समुद्रात पडलं, त्या संध्याकाळी त्याच्या थोरल्या बहिणीनं, अनुसयाआक्कानं, बांधलेली बॅग सोडली आणि साड्या परत कपाटात लावल्या.

"मी जात नाय," ती म्हणाली. "चंद्रिकाला कळवून टाक."

चंद्रिका तिची लेक. फ्रान्सात दिलेली, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. तिकीट काढून झालं होतं, व्हिसाचा शिक्का बसला होता, विमान शनिवारचं होतं. आक्का जन्मात विमानात बसली नव्हती. तिला धीर यावा म्हणून जयदेवनं तिला आपल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

साल अठ्ठ्याऐंशी. कॉम्प्युटर साखर कारखान्याच्या ऑफिसनं निकालात काढलेला. हिशेबासाठी घेतो, असं बायकोला सांगून जयदेवनं तो घरी आणला होता आणि आजवर त्यावर एकही हिशेब झाला नव्हता. त्यात विमान उडवायचा एक खेळ होता. निवृत्त बस ड्रायव्हर जयदेव रोज जेवण झालं की त्यात गढून जाई. उभ्या नोकरीत त्यानं बस कुणाला घासली नव्हती. विमान मात्र त्याला उतरवता येत नव्हतं.

गावची रीत अशी, की कुणी परदेशी निघालं की निम्मा मोहल्ला व्हॅन करून प्लेझान्सच्या विमानतळावर पोचवायला जातो. त्याच रीतीनं लोक जयदेवच्या उड्डाणालाही जमले. शेजारच्या बसंतीनं चंद्रिकासाठी लोणच्याची बाटली आणून कीबोर्डपाशी ठेवली. समोरच्या घरातल्या तुलसीरामनं हार आणला. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा जयदेवच्या बायकोनं, इंद्राणीनं, डोळ्यांना पदर लावला. मग उतरताना विमान धावपट्टी सोडून शेजारच्या पाण्यात शिरलं. बसंती उठली आणि आपली बाटली घेऊन घरी गेली.

"दोष माझा नाय," जयदेव म्हणाला. "आत चित्र काढणारं कार्ड असतं, ते म्हातारं झालंय. त्याला धड चारच रंग येतात. गवत आणि पाणी एकाच रंगात काढतंय. उतरू कुठं?"

"बसमध्ये विचारायचास ना पॅसिंजरला, तसं विचार," तुलसीराम म्हणाला.

"सोळा रंगांचं कार्ड मिळतं. ते बसवून विमान उतरवून दाखवतो. मग तर जाशील, आक्का?"

आक्कानं कपाटाचं दार लावलं. "उतरवलंस तर जाईन. आपले पणजोबा लामेरवरून, अख्खा समुद्र ओलांडून, इथं आले, तेवढं पाणी घराण्याला पुरे झालं. मला त्यात जायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन कार्ड आणायला क्युरपिप शहराकडं निघाली. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून इंद्राणीच्या मांडीवर, त्याचा पडदा तुलसीरामच्या मांडीवर, बसंती मागच्या बाकावर, आणि आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी, हातात छत्री घट्ट धरून.

दुकान प्रेमचं. मूळचा बेटावरच्याच सुरिनाम गावचा, मोहल्ल्यातल्या मंडळाच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर लावणारा. पुढं रेडिओ, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. त्यानं यंत्र उघडलं, आतली धूळ फुंकली आणि दोन कार्डं टेबलावर ठेवली.

"नवीन आणखी एक आलंय, पण ते या यंत्राला पेलायचं नाय. ह्या दोघांतून निवडा. हे ईजीए. सोळा रंग, तुमच्याच पडद्यावर चालेल. आणि हे हर्क्युलिस. एकच रंग, पण रेघ सुईसारखी बारीक. ह्याला पडदा वेगळा लागतो. जुना पिवळा पडदा आहे माझ्याकडं, तो देईन."

मंडळी टेबलाभोवती बसली. बघायला आलेल्या स्थळाची करावी तशी चौकशी सुरू झाली. तापतं का? आवाज करतं का? आधी कुणाकडं होतं आणि त्यांनी का सोडलं?

"एकाच रंगाचं कोण घेणार?" जयदेव म्हणाला. "ईजीए लाव."

प्रेमनं कार्ड बसवलं. खेळ सुरू झाला आणि खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. गवत हिरवं, आकाश फिकट, आणि पाणी निळंशार.

"आयो!" बसंती म्हणाली. "हा तर ब्लू बेच्या किनाऱ्यावरचा लामेर!"

जयदेवला इतका आनंद झाला, की त्यानं विमान मुद्दाम पाण्यावरून एकदा फिरवून आणलं. आक्का छत्री धरून पाहत होती. मग तो उतरायला लागला. पण यंत्र जुनं, सोळा रंग रंगवता रंगवता त्याला धाप लागली. चित्र थांबे, मग एकदम पुढं उडी मारी. धावपट्टी डावीकडं दिसत होती ती पुढच्या क्षणी मागं गेलेली असायची. शेवटच्या उडीला पडदा आरपार निळा झाला.

"आधी निदान शंका तरी होती," आक्का म्हणाली. "आता स्पष्ट बुडालं."

इंद्राणीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तुलसीरामनं हार पिशवीत ठेवला. प्रेमनं कार्ड काढलं, दुसरं बसवलं आणि पिवळा पडदा जोडला.

आता काळ्या अंधारात फक्त पिवळ्या रेघा होत्या. धावपट्टीच्या दोन, क्षितिजाची एक. यंत्र मात्र पहिल्यापेक्षा झपझप चाललं. जयदेव घामाघूम झाला होता. त्यानं विमान खाली आणलं, रेघा मोठ्या झाल्या, एक रेघ तिरकी झाली आणि चित्र थांबलं. मधोमध इंग्रजी अक्षरं आली.

"कोसळलं," प्रेम म्हणाला. गिऱ्हाइकाला खोटं सांगायची त्याला सवय नव्हती.

जयदेवनं मान खाली घातली. आक्का उठून पडद्याजवळ गेली. तिनं चष्मा पुसला.

"कुठं कोसळलं?"

"हे काय, इथं."

"इथं पाणी कुठाय?"

प्रेमनं पडद्याकडं पाहिलं. "पाणी... ह्याच्यात वेगळं दिसत नाय, मावशी."

"म्हणजे बुडलं नाय. नुसतं पडलं." ती मंडळींकडं वळली. "पडलेला माणूस उठतो. मी न्हाणीत कितीदा पडले! जयदेवा, ज्यात समुद्र नाय तेच घे."

"आक्का, पण रंग! सोळा रंग बघितलेस ना तू?"

"तुला रंग पाहिजेत, का मी लेकीकडं जायला पाहिजे?"

टेबलावर ईजीए पडलं होतं. जयदेवनं ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं. "बांध हर्क्युलिस," तो प्रेमला म्हणाला.

प्रेम हळूच पुटपुटला, "काका, मावशी गेल्यावर या, बदलून देतो."

"नको. ती फोनवर विचारील."

शनिवारी संध्याकाळी निम्मा मोहल्ला प्लेझान्सला होता. हार घालून झाला, लोणच्याची बाटली बॅगेत गेली, रडून झालं. आत जायच्या दारापाशी आक्का थांबली.

"जयदेवा, वैमानिकाकडं कुठलं कार्ड आहे, विचारून ये."

"आक्का, आता—"

"विचारून ये. नायतर बॅग उतरव."

जयदेव गर्दीतून निघाला. खांबाआड थोडं उभं राहून परत यावं आणि हर्क्युलिस म्हणून सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीबद्दल खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. तेवढ्यात टोपी काखेत धरून वैमानिकाच्या गणवेशातला एक माणूस कॉफीच्या खिडकीशी दिसला. जयदेवनं त्याला बेटावरच्या क्रियोल बोलीत सगळं सांगितलं, कार्डांसकट. त्या माणसानं कप खाली ठेवून ते ऐकून घेतलं.

जयदेव परत आला. "त्याच्याकडं कार्डच नाय. समोर नुसती काच आहे म्हणे."

"काचेतून काय दिसतं?"

"सगळं."

"लामेरसुद्धा?"

"लामेरसुद्धा."

"गाढवा," तुलसीराम त्याच्या कानात म्हणाला.

आक्का दारातून हलली नाही. मागचे लोक बाजूनं पुढं जायला लागले.

"सोळाच्या सोळा रंग?"

"त्याहून जास्त, आक्का."

"आणि तो कधी बुडाला नाय?"

"आत्ता कॉफी पीत होता."

तिनं मानेवरचा हार सारखा केला. "मग त्याला दिसू दे. मला नको," असं म्हणून ती आत गेली आणि काउंटरवरच्या मुलीला खिडकी नसलेली जागा मराठीत मागू लागली.