थोरल्या जावेचं मोल

गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. पण गेलेल्या माणसाचे गुण रोज उठून ऐकावे लागले, तर जित्या माणसानं काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. सुवर्णाची नेमकी हीच पंचाईत झाली होती.

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत दोन भावांची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. थोरले भीमराव मालगाडीचे ड्रायव्हर, धाकटा विजय रेल्वेच्याच ऑफिसात कारकून. मूळचे अकोल्याकडचे. दीड वर्षापूर्वी कॉलनीतल्या बायका कानोत्याच्या धरणावर सहलीला गेल्या आणि परत येताना त्यांच्या जीपला वाळूच्या ट्रकनं धडक दिली. बाकीच्या वाचल्या, भीमरावांची बायको रत्नप्रभा तेवढी गेली. मागे शाळकरी गौतमी उरली. तेव्हापासून दोन्ही घरांचा स्वयंपाक, धुणीभांडी, पोरीची वेणीफणी, सगळं धाकट्या जावेच्या, म्हणजे सुवर्णाच्या गळ्यात पडलं.

आणि कौतुक? ते सगळं रत्नप्रभाचं!

त्या रविवारी गिरिजाताई वकील विजयच्या घरी आल्या होत्या. छावणीतल्या एका मेजरची बायको, जयपूरच्या कोर्टात वकिली करायच्या आणि मराठी माणसांचे खटले जरा जास्तच जीव लावून चालवायच्या. ट्रकच्या विमा कंपनीनं भरपाई म्हणून अगदीच किरकोळ रक्कम देऊ केली होती. का, तर बाई कमावती नव्हती, तिच्या जाण्यानं घराचं काही उत्पन्न बुडालं नाही!

"त्याईचं काय चुकलं?" भीमराव मान खाली घालून म्हणाले. "ते काई करत नोती. घरीच राहे."

"असं? मग तुम्ही मालगाडी सोडून इंजिनाच्या शेडमध्ये का बसलात?"

ड्रायव्हरच्या नोकरीला घड्याळ नसतं. रेल्वेचा माणूस कधी पहाटे, कधी भर दुपारी दारात येऊन बोलावणं देतो, की घटकाभरात डबा बांधून निघायचं. मग गडी दोन-दोन दिवस घरी फिरकत नाही. घरात बायको असते म्हणून हे जमतं. रत्नप्रभा गेल्यावर एकट्या पोरीला टाकून गाडीवर जायचं कसं? शेजारी सुवर्णा जेवू घालील, पण आई गेलेल्या पोरीला रात्री बाप तरी घरात नको? भीमरावांनी शेडमधलं बसून करायचं काम मागून घेतलं, आणि गाडी चालवण्याचा भत्ता बंद झाला. घर खरं तर त्या भत्त्यावरच चालत होतं.

"बघा," गिरिजाताई म्हणाल्या, "जिची कमाई शून्य म्हणता, ती गेली आणि तुमची कमाई घटली! कोर्टाला तुमचं दुःख मोजता येत नाही, भीमराव. ते एवढंच विचारतं, की मागे राहिलेली माणसं तिच्यावर कशाकशासाठी अवलंबून होती. ते सांगायला नको? गौतमीचं पुढचं सगळं शिक्षण त्यावर आहे."

झालं! विजयची कळ दाबली गेली. "मी सांगतो न कोर्टात! आमच्या वहिनीसारखी बाई कॉलनीत नोती. काय तिच्या हाताले चव, काय टापटीप! दादाचा डबा कधी चुकला नाई. पोरीले पहिल्या नंबरानं पास करवलं."

आत सुवर्णा ज्वारीच्या भाकरी थापत होती. दोन घरांच्या. तिचा हात परातीतच थांबला. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून "मीठ कमी हाये" याखेरीज स्वयंपाकाबद्दल अक्षर निघालं नव्हतं! मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? पोटात जळायचं ते जळतच होतं. रत्नप्रभा जिवंत होती तेव्हा तिच्याशी बरोबरी तरी करता यायची. आता ती फोटोत जाऊन बसली होती आणि तिथून तिचा एकही पदार्थ बिघडत नव्हता.

"मेल्या म्हशीले मणभर दूध!" सुवर्णा फणकारली.

मागे वळून पाहते तो दारात गौतमी, हातात रिकामा डबा.

"काकू, हे मम्मीबद्दल बोललीस ना?"

पोरीनं डबा ओट्यावर ठेवला आणि निघून गेली. त्या रात्री भीमरावांनी स्वतः भात शिजवला. दुसऱ्या दिवशी गौतमी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. विचारलं की म्हणायची, "भूख नाही." विजय बायकोवर डाफरला. सुवर्णाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. एवढं राबूनही वाईट आपणच!

दोन दिवसांनी गिरिजाताई खास तिला भेटायला आल्या. "सुवर्णाताई, तुमची साक्ष महत्त्वाची आहे."

"मी काय सांगू बाई? तिचं सारं काम आता माह्यावर हाये. पन माह्याबद्दल कोनी एक शब्द बोलते का? त्याच्यासाठी मले मरा लागन वाटते!"

गिरिजाताई हसल्या नाहीत. "तुमचं दुखणं खरं आहे. पण भांडण कोणाशी आहे तुमचं? गेलेल्या जावेशी, की न बोलणाऱ्या घराशी? एक लक्षात ठेवा, तुम्हा दोघींच्या कामाला तराजू एकच आहे. तिचं काम फुकटचं ठरलं, तर तुमचंही फुकटचंच ठरेल."

सुवर्णाला ते पटलं नाही. राग डोक्यात असला की शहाणपण कानापर्यंत येऊन माघारी जातं.

तरी साक्षीच्या दिवशी ती उभी राहिली, आणि विमा कंपनीचे वकील पुढे झाले. वयस्कर, गोड बोलणारे.

"दोनों घर आप अकेली सँभालती हैं?"

"जी."

"वाह! बहुत बड़ी बात है। बच्ची का खाना, कपड़े, स्कूल, सब ठीक चलता है?"

सुवर्णाचा चेहरा खुलला. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी 'वाह' म्हणालं होतं, आणि तेही भर कोर्टात, नवऱ्याच्या देखत! "जी, सब चलता है," ती ताठ मानेनं म्हणाली.

"और आप इसके पैसे तो नहीं लेतीं?"

"छे! पैसे कशाचे?"

वकील न्यायाधीशांकडे वळले. "देख लीजिए, हुज़ूर। सारा काम मुफ़्त में हो रहा है। नुकसान कुछ हुआ ही नहीं।"

मुफ्त! सुवर्णाच्या कानाखाली कोणी वाजवावी तसं झालं. दुखणारी कंबर, भाजलेली बोटं, दोन घरांमधल्या येरझाऱ्या, सगळं त्या माणसानं एका शब्दात पुसून टाकलं. आणि त्याच शब्दात रत्नप्रभाताईचा सगळा संसारही पुसला! गिरिजाताई म्हणत होत्या तो तराजू हाच की! तिनं बाकावर पाहिलं. गौतमी खाली मान घालून बसली होती.

"थांबा साहेब!" ती ओरडली. "मुफ़्त कौन बोला? मैंने अपनी मेहनत इस बच्ची को दी है। आपकी कंपनी को दान नहीं की!"

न्यायाधीश म्हणाले, "बोलिए."

तिची हिंदी अडखळली, मधेच मराठी घुसली, पण ती थांबली नाही. "जेठानी का काम हाथ में लिया, तब समझा कितना था। मैं रोटी दे सकती हूँ, माँ कहाँ से दूँ? ये बच्ची मेरे घर खाना नहीं खाती, क्योंकि मैंने इसकी माँ को बुरा बोला। मुझे जलन होती थी, साहब। ताई कुठं कमी नोती. कमी मीच पडली!"

विजयनं मान खाली घातली. कंपनीच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

बाहेर आल्यावर गौतमी जवळ आली. मग म्हणाली, "काकू, आज भाकरी करशील?" सुवर्णानं तिला पोटाशी धरलं आणि तिथेच, कोर्टाच्या पायरीवर, मनसोक्त रडली.

पुढे निकाल लागला. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला मोल आहे, आणि एखादी नातेवाईक प्रेमापोटी ते करते म्हणून अपघात करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं. रकमेचा मोठा भाग गौतमीच्या नावानं बँकेत राहिला, तिच्या शिक्षणासाठी.

वाचकहो, कोर्ट बाईच्या कामाचं मोल ठरवतं ते ती गेल्यावर. त्याला दुसरा इलाज नाही. आपल्याला मात्र आहे! आपल्या घरात जी राबते, तिच्याबद्दल "ती काही करत नाही, घरीच असते" असं पुन्हा म्हणू नका. जिवंत माणसाला त्याचं श्रेय दिलं, तर मेलेल्याचा मत्सर करायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

निकालाच्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसले. विजयनं दोन घास खाल्ले, घसा खाकरला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "भाकर मस्त झाली आज."

सुवर्णा तव्यावरची भाकर उलटताना थबकली. मग हसून म्हणाली, "जितेपनीच सांगतलं, बरं केलं. कोर्टाची खेप वाचली तुमची!"